सर हम्फ्रींसाठी शिफारसपत्र

तीन मध्यमवयीन पुरुष एका खोलीत बसले आहेत. तिघांच्याही अंगात कोट. एक जण दुसऱ्यापुढे फाइल सरकवतो, दुसरा ती उघडून कपाळाला आठ्या घालतो, तिसरा दोघांकडे आळीपाळीने बघतो. अर्ध्या तासाने फाइल पुन्हा पहिल्याकडे. अशी मालिका ब्रिटनबाहेरच्या माणसाला ‘बघाच’ म्हणून सांगणं हे धाडसाचं काम आहे, आणि ‘धाडस’ हा शब्द या मालिकेत किती भयंकर आहे ते पुढे येईलच.

मालिका म्हणजे बीबीसीची ‘येस मिनिस्टर’ आणि तिचंच बढती मिळालेलं रूप, ‘येस, प्राइम मिनिस्टर’. १९८० ते १९८८ या काळातले सगळे मिळून ३८ भाग. लेखक दोन, अँटनी जे आणि जॉनथन लिन. पात्रं मुख्य तीन. प्रशासकीय व्यवहार नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या खात्याचे मंत्री जिम हॅकर. त्या खात्याचे कायमस्वरूपी सचिव सर हम्फ्री ॲपलबी. आणि मंत्र्यांचे खाजगी सचिव बर्नार्ड वूली, ज्यांचा पगार सरकार देतं, बढती हम्फ्री देतात आणि शिव्या दोघंही देतात.

या मालिकेच्या भक्तांची एक जमात आहे. ब्रिटनमध्ये दोन-चार वर्षं काढून आलेले, बीबीसीवर वाढलेले, किंवा नुसतेच निवृत्त झालेले. ही मंडळी मालिका सुचवत नाहीत, सादर करतात. हम्फ्रींचं एखादं मैलभर लांबीचं वाक्य आपल्याला पाठ आहे असा त्यांचा समज असतो. ते मोठ्या आवेशात सुरू करतात, दुसऱ्या पोटवाक्यात अडखळतात, मग ‘म्हणजे असं काहीतरी, पण तो कसलं बोलतो!’ म्हणून स्वतःच हसतात. समोरचा ओशाळून हसतो. मालिका मात्र बघत नाही.

त्याहून वाईट म्हणजे रिमोट हातात धरून शेजारी बसणारे. ‘आता बघ हं, आता बघ’ असं ते म्हणत असताना ते ‘आता’ निघून जातं. मग मागे घेतात. मग थांबवून सांगतात की इथे व्हाइटहॉल म्हणजे काय. तोवर पाहुण्याच्या मनात घरी जायचा निर्णय पक्का झालेला असतो.

आणि तिसरे ते क्लिपवाले. वर्तमानपत्रं कोण वाचतं याबद्दलचं हॅकरचं छोटेखानी प्रवचन, किंवा प्रश्न फिरवून विचारले तर एकाच माणसाकडून सक्तीच्या लष्करी सेवेला ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही कसं वदवून घेता येतं याचं हम्फ्रींनी बर्नार्डवर केलेलं प्रात्यक्षिक. दोन-दोन मिनिटांचे हे तुकडे आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर ‘आजची परिस्थिती!’ अशा शीर्षकाखाली येऊन गेलेले आहेत. त्यामुळे झालंय असं की ‘येस मिनिस्टर’ पाहिलेले लोक अमाप आणि तिचा एक अख्खा भाग पाहिलेले अगदी मोजके. तुकड्यात फक्त चतुर वाक्यं दिसतात. पण ती चतुराई कोणाच्या मानेवरून फिरते आहे, ते अर्धा तास बसल्याशिवाय कळत नाही.

माझ्या अनुभवात परदेशी प्रेक्षक दोन जातींचे. एकाला सगळं समजावून सांगावं लागतं आणि दुसऱ्याला काहीच सांगावं लागत नाही. न्यू जर्सीत वाढलेला आमचा भाचा पहिल्या जातीचा. पहिला भाग संपल्यावर त्याने सरळ विचारलं, “मामा, हा मंत्री त्या सेक्रेटरीला काढून का टाकत नाही?” प्रश्न त्याच्या देशाच्या हिशेबाने बरोबर होता. तिकडे नवा राष्ट्राध्यक्ष आला की सुमारे ४,००० पदांवर त्याची माणसं येतात. ब्रिटनमध्ये मंत्री येतो तो जवळजवळ एकटा. दारात त्याचं स्वागत करायला जे उभे असतात, ते त्याच्या आधीच्यालाही तसंच हसून सामोरे गेलेले असतात आणि त्याच्यानंतरच्यालाही जाणार असतात. हे मी भाच्याला वीस मिनिटं समजावलं. तो म्हणाला, “मग निवडणूक कशाला घेतात?” मी म्हटलं, “पुढचा भाग बघ.”

साताऱ्याच्या काकूंनी मात्र इंग्रजी निम्मं-अर्धं कळत असूनही पाचव्या मिनिटाला निकाल दिला. “मंत्री पाच वर्षांचा, आणि हा रिटायर होईपर्यंतचा. ऐकेल कशाला तो? आमच्या सोसायटीत चेअरमन दर वेळी नवा असतो आणि सेक्रेटरी जोशीच असतात, तसंच ना?” राज्यशास्त्राच्या पुस्तकात एवढं नेमकं लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

म्हणजे राज्यव्यवस्था आपल्या माणसाला समजावावी लागत नाही. समजवावा लागतो तो विनय. तिथेच खरी अडचण आहे. आपल्याकडे सरकारी नकार बघून लगेच ओळखता येतो. खिडकी बंद होते, साहेब मीटिंगमध्ये जातात, कागद कमी पडतो. हम्फ्रींच्या खोलीत खिडकी उघडी असते, साहेब समोर बसलेले असतात, चहा येतो आणि मंत्र्यांच्या कल्पनेचं भरभरून कौतुक होतं. कौतुक जितकं मोठं, तितकं त्या कल्पनेचं आयुष्य कमी. मंत्र्यांचा एखादा निर्णय वादग्रस्त आहे असं हम्फ्री म्हणाले तर त्याचा अर्थ काही मतं जातील. पण तो धाडसी आहे असं म्हणाले तर आख्खी निवडणूक जाईल. हॅकर ‘धाडसी’ ऐकतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. पॉल एडिंग्टन या नटाने तो रंग उतरवण्यात जे काम केलंय, त्याला शब्दांची गरजच नाही. आधी छाती पुढे, मान वर, जणू समोर पुतळा बसवायला शिल्पकार बसलाय. आणि पुढच्या क्षणी गृहपाठ न केलेला मुलगा. या एका चेहऱ्यासाठी मी ही मालिका कुणालाही सुचवायला तयार आहे.

लोक नाव घेतात ते हम्फ्रींचं, म्हणजे नायजेल हॉथॉर्न यांचं. त्यांना या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा पुरस्कार मिळाला. एडिंग्टन यांना एकदाही नाही. सचिवाला सन्मान आणि मंत्र्याला समाधान, ही वाटणी पुरस्कार समितीनेही इमाने इतबारे पाळली, दुसरं काय! तिसरे डेरेक फाउल्ड्स. बर्नार्ड होण्याआधी ब्रिटनमधली मुलं त्यांना ओळखत ती बॅझिल ब्रश नावाच्या एका वाचाळ कोल्ह्याच्या बाहुलीसोबत पडद्यावर दिसणारे ‘मिस्टर डेरेक’ म्हणून. बोलक्या कोल्ह्याशेजारी गंभीर चेहऱ्याने बसण्याचा इतका चांगला सराव दुसऱ्या कुठल्या नटाला झाला असेल असं वाटत नाही.

ओळखीतल्या एका निवृत्त सहसचिवांना मी मोठ्या उत्साहाने पहिले चार भाग दाखवले. उभी हयात मंत्रालयात गेलेली. साहेब चार भाग संपेपर्यंत एकदाही हसले नाहीत. शेवटी मीच विचारलं, “साहेब, आवडलं नाही का?”

“तसं नाही,” ते म्हणाले. “पण नस्ती मंत्र्यांपुढे थेट कशी गेली? कक्ष अधिकाऱ्याची टिपणी कुठाय? अवर सचिव, उपसचिव कुणाच्याच सह्या नाहीत. वित्त विभागाचे अभिप्राय घेतलेले नाहीत.”

“विनोदी मालिका आहे हो.”

“ते कळलं. पण हे सर हम्फ्री इतकं बोलतात कशाला? नस्तीवर ‘चर्चा करावी’ असं लिहायचं, आणि चर्चेला वेळ द्यायचा नाही.”

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. हम्फ्रींच्या चाळीस ओळींच्या वाक्यावर मराठी प्रशासनाने दोन शब्दांत मात केली होती.

साहेबांचं आणि सर हम्फ्रींचं नातं तसं कागदोपत्री आहे. गुणवत्ता आणि परीक्षा यांवर नोकरभरती व्हावी, मंत्री बदलले तरी नोकरशाही कायम राहावी, हा ब्रिटिश प्रशासनाचा पाया १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन अहवालाने घातला. त्यातले चार्ल्स ट्रेव्हेल्यन ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकलेले, बंगालमध्ये नोकरी केलेले आणि आपल्या ओळखीच्या मेकॉलेसाहेबांचे मेहुणे. हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा १८५५ पासून सुरू झाल्या. खुद्द ब्रिटनच्या कचेऱ्यांत ती पद्धत रुळायला त्यानंतर बराच काळ गेला. तेव्हा हम्फ्री आपल्याकडे आयात झाले असं समजण्याचं कारण नाही. निदान त्यांचा साचा आधी आपल्यावर घासून बघितला गेला.

खऱ्या व्हाइटहॉलची, म्हणजे ब्रिटिश मंत्रालयांच्या जगाची, बातमी लेखकांकडे आतूनच येत होती. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या राजकीय सचिव मार्शिया विल्यम्स आणि विल्सन आणि त्यांच्यानंतरचे पंतप्रधान कॅलहॅन यांचे सल्लागार बर्नार्ड डनहू यांच्याकडून त्यांना कहाण्या मिळत. शिवाय १९६४ साली गृहनिर्माण मंत्री झालेल्या रिचर्ड क्रॉसमन यांच्या डायऱ्या होत्या. त्या छापल्या जाऊ नयेत म्हणून १९७५ मध्ये सरकार कोर्टात गेलं आणि हरलं. कुठल्याही पुस्तकाची यापेक्षा चांगली जाहिरात होत नाही. क्रॉसमन यांना ज्या सचिवाने रोज नाकी नऊ आणले, त्या होत्या डेम एव्हलिन शार्प, ब्रिटनमधल्या पहिल्या महिला कायमस्वरूपी सचिव. मालिकेत मात्र हम्फ्रींच्या बरोबरीच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष. एका भागात हॅकर बायकांना वरच्या जागा द्यायला निघतात, त्याचं काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही, पण वास्तव इथे लेखकांच्या पुढे होतं हे मान्य करावं लागतं.

बाकी ठिकाणी वास्तव त्यांनी जसंच्या तसं उचललं. आखाती देशातल्या एका समारंभात दारूबंदी असल्यामुळे ब्रिटिश शिष्टमंडळ बाजूच्या खोलीत ‘तातडीचा संदेश कक्ष’ उघडतं आणि दर दहा मिनिटांनी कुणा मिस्टर हेग यांचा निरोप आला म्हणून एकेक जण उठून आत जाऊन येतो. हेग हे व्हिस्कीचं नाव. मंत्रीमहोदयांना दूरध्वनी फार येऊ लागतात आणि उत्तरोत्तर ते अधिकाधिक राष्ट्रप्रेमी होत जातात. हे खरंच घडलेलं होतं असं लेखकांनी नंतर सांगितलं. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात लग्नाला गेलेल्या वाचकांना अर्थात पुराव्याची गरज नाही.

पण एकच भाग दाखवायचा असेल तर मी ‘द कम्पॅशनेट सोसायटी’ दाखवतो. लंडनमधलं एक नवंकोरं इस्पितळ. पाचशेच्या वर कर्मचारी. पेशंट शून्य. बांधून झाल्यावर डॉक्टर-नर्सेससाठी पैसेच उरलेले नाहीत, पण प्रशासन जोरात सुरू आहे. हॅकर हबकतात. हम्फ्रींना मात्र त्यात वावगं काही दिसत नाही. हिशेब विभाग आहे, इमारत देखभाल आहे, स्वयंपाकघराचं नियोजन आहे, कर्मचारी कल्याण आहे. पेशंट नसले म्हणून ही कामं थांबतात का? इस्पितळ चालवणाऱ्या बाई मंत्र्यांना अभिमानाने सगळं फिरवून दाखवतात आणि हे देशातल्या उत्तम चालणाऱ्या इस्पितळांपैकी एक असल्याचं सांगतात. स्वच्छतेच्या पारितोषिकासाठी त्याचं नाव आहे. असणारच! या भागाची गंमत अशी की त्यातलं एकेक वाक्य सुटं काढलं तर कुणालाही पटेल. वेडेपणा वाक्यांत नाहीच, बेरजेत आहे. आपल्याकडे गाडं नेमकं उलटं असतं. इमारतीची फीत कापलेली असते, कोनशिलेवर नावं कोरलेली असतात, पेशंट दारात रांगेने बसलेले असतात, आणि डॉक्टरचं पद रिक्त असतं. कुठली पद्धत बरी यावर तज्ज्ञांची समिती नेमता येईल.

ही मालिका कुठल्या पक्षाची टिंगल करते, असा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो. उत्तर सापडत नाही. हॅकर कुठल्या पक्षाचे ते ३८ भागांत एकदाही सांगितलेलं नाही. पहिल्या भागात त्यांच्या छातीवरचं निवडणुकीचं फूल पांढरं आहे, लाल नाही की निळं नाही. पहिला भाग तर १९७९ च्या निवडणुकीआधीच चित्रित झाला होता, पण उगाच मतदानावर परिणाम व्हायला नको म्हणून बीबीसीने तो अडवून ठेवला आणि २५ फेब्रुवारी १९८० ला दाखवला. त्या निवडणुकीत निवडून आलेल्या बाई मालिकेच्या कट्टर चाहत्या निघाल्या. जानेवारी १९८४ मध्ये टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांच्या संघटनेच्या पुरस्कार समारंभात मार्गारेट थॅचर स्वतः हॅकर आणि हम्फ्री यांच्याबरोबर एका छोट्या प्रवेशात उभ्या राहिल्या. विषय होता सगळ्या अर्थतज्ज्ञांना बरखास्त करण्याचा. आभार मानताना लिन यांनी पंतप्रधानबाईंनी विनोदी मालिकेतली आपली योग्य जागा अखेर घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

राज्यकर्त्यांनी विनोदी कलावंताचं काय करावं याचा एक ब्रिटिश धडा त्यात आहे. आपल्याकडे अशा वेळी माफीची मागणी होते, खुर्च्या मोडतात, पोलिसांत तक्रार जाते. तिथे १९८७ मध्ये एडिंग्टन आणि हॉथॉर्न दोघांनाही सीबीई दिली आणि १९८८ मध्ये अँटनी जे यांना ‘सर’ केलं. सरकारी किताबांच्या खिरापतीवर या मालिकेत एक अख्खा भाग आहे, तरीही. किंवा म्हणूनच. टीकाकाराला गप्प करण्याचा हम्फ्रींना सुचला असता असाच हा उपाय, पण त्यानेही विनोदाची धार बोथट झाली नाही एवढं खरं.

हे सगळं हिंदीतही येऊन गेलं. ‘जी मंत्रीजी’ नावाने २००१ मध्ये स्टार प्लसवर. फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. दोघंही गोड नट, आणि फारूख शेख यांचा भाबडेपणा तर बावनकशी. पण ती मालिका मुळासारखी रुजली नाही. मला वाटतं, आपला सनदी अधिकारी मंत्र्यांचा खरा अपमान करतो तो इंग्रजीत. त्याला हिंदीत बोलायला लावलं की त्याचं निम्मं शस्त्र काढून घेतल्यासारखं होतं.

आता दोष. पाठीमागचं हसणं खरं आहे, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचं, पण आजच्या कानांना ते खुपतं. कॅमेरा फारसा हलत नाही. सेट चार भिंतींचा. मराठी माणसाने मात्र याबद्दल तक्रार करू नये; दिवाणखान्यातली तीन अंकी नाटकं बघत आपल्या पिढ्या वाढल्या, आपल्याला सोफा आणि दोन दारं पुरतात. १९८० च्या ब्रिटनमधल्या काही गोष्टी आज अंगाला लागत नाहीत, त्या सोडून द्याव्यात. शेवटच्या काही भागांत हॅकर फार शहाणे झालेत आणि हम्फ्री कधीकधी हरतातही, ते मला तितकंसं रुचत नाही. ‘पार्टी गेम्स’ हा डिसेंबर १९८४ चा तासाभराचा नाताळ विशेष मात्र सोडू नका. ब्रुसेल्सच्या नियमांपासून ब्रिटिश सॉसेज वाचवण्याच्या घोषणेवर एक सामान्य मंत्री पंतप्रधान होतो. तेव्हा लोक त्यावर पोट धरून हसले. २०१६ मध्ये त्याच लोकांनी ब्रेक्झिटसाठी मतदान केलं.

सुरुवात इस्पितळापासून करा. ते आवडलं तर पहिल्या भागावर जा आणि मग क्रमाने बघा, कारण हॅकर आणि हम्फ्री यांच्यातलं वैर हळूहळू मुरत जाऊन त्याची सवय होते, आणि ती सवय बघण्यातच पुढची मजा आहे. सबटायटल जरूर लावा. हम्फ्रींचं वाक्य कानाने पकडायला जाऊ नका, त्या खोलीत बसलेले मंत्रीसुद्धा ते पकडू शकत नाहीत. आणि नात्यात कुणी निवृत्त सचिव असतील तर त्यांना जवळ बसवा, पण ते हसले नाहीत म्हणून मालिका बंद करू नका.